सन चुकतो, पायरी नाही

आमच्या वाईच्या घरात पुराला सन नसे, पायरी असे. ‘तुझा बाबा पोटात होता तेव्हाचा पूर,’ अशी आजी सुरुवात करायची आणि लगेच जोडायची, ‘घाटाची ती कोपरा उडालेली पायरी आहे ना, तिच्या वर दोन.’ आत्या हटकून आडवी यायची. ‘तो पूर दादाच्या वेळचा नव्हे गं आई, माझ्या वेळचा. उगाच काहीतरी सांगू नकोस पोरांना.’ मग सनावरून मायलेकींची जुंपायची. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुठल्या साली ज्वारी काय भावानं, सगळं साक्षीला यायचं. पण ‘तिच्या वर दोन’ याला आत्यानं कधी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

आजोळ सांगलीचं. तिथे हिशेब फुटांचा. अप्पा, म्हणजे आईचे वडील, श्रावणात पहाटे चहाच्या आधी आयर्विन पुलावर जाऊन पाणी बघून यायचे. ‘पस्तीस आहे. संध्याकाळपर्यंत काय करतंय बघू,’ असं म्हणत छत्री झटकायचे. जुन्या पुरांना ते ‘चौदाचा’ आणि ‘सोळाचा’ म्हणत. १९१४ आणि १९१६ हे सांगलीतले दोन मोठे पूर. दोन्ही अप्पांच्या जन्माआधीचे, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेले. त्यामुळे चौदाची गोष्ट सोळाला आणि सोळाची चौदाला बिनदिक्कत चिकटायची. पाणी कुठल्या बोळाच्या तोंडाशी थांबलं होतं, ते मात्र दर वेळी जागच्या जागी.

म्हाताऱ्यांच्या गोष्टींवर इतिहास उभारू नये, हे मला मान्य आहे. वाईतल्या वाड्यांचंच घ्या. भुयार नसलेला वाडा मी अजून ऐकलेला नाही. एकातलं भुयार घाटावर निघतं, दुसऱ्यातलं पांडवगडाला, तिसऱ्यातलं तर थेट वैराटगडाच्या माथ्यावर. ती सगळी खरी धरली तर गावाखाली जमीनच उरायची नाही. पण तीच माणसं पाण्याबद्दल बोलू लागली की कान द्यावा. भुयारात कुणी उतरलेलं नसतं, पाण्यातून सामान मात्र स्वतः हलवलेलं असतं. आणि त्यांनी सांगितलेली पातळी देवळांच्या, वाड्यांच्या दगडांशी ताडून पाहिली की ही गावं अशी का बांधली आहेत ते उलगडायला लागतं.

वाई आणि सांगली, दोन्ही कृष्णाकाठची. वाईला नदी अजून डोंगराच्या अंगाखांद्यावरची आहे. पुढे माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना आणि सांगलीच्या अलीकडे येरळा पोटात घेत ती सांगलीला पोचते, तोवर तिचा डौल आणि दांडगाई दोन्ही वाढलेली असतात. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणाही फुगलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि पाणी मागे शहरात तुंबतं. अप्पा हे बोटांनी जमिनीवर काढून दाखवायचे. हरिपूरच्या संगमेश्वराला पाणी किती, यावरून ते आपल्या आळीचा अंदाज बांधत.

या काठांवर ज्यांनी बांधलं ती घराणी मूळची समुद्राकाठची, ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. वाईचे रास्ते मूळचे कोकणातले गोखले. सांगली-मिरजेच्या पटवर्धनांचा मूळपुरुष हरभट रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचा. मेणवलीत वाडा बांधणारे नाना फडणवीस भानूंचे. ते घराणं श्रीवर्धन-वेळासकडचं. ज्यांच्या आश्रयानं हे सगळे वर आले ते पेशवेही श्रीवर्धनचे भट. भरती-ओहोटी बघत वाढलेल्यांच्या या वंशजांना घाटावर नदी मिळाली. जांभा सुटला, काळा दगड हाती आला. उतरती कौलं सुटली, धाब्याची आणि माळवदाची घरं आली. पण वर्षातून काही दिवस पाणी दारात येणारच, हे त्यांनी गृहीत धरलेलं दिसतं. हा माझा तर्क आहे, त्याला कागद नाही.

दगड आहेत. वाईचा ढोल्या गणपती बघा. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ नदीला अगदी खेटून बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, पोट हे असं, म्हणून नाव ढोल्या, पाटीवर महागणपती. पर्यटक समोरून दर्शन घेतात, फोटो काढतात आणि जातात. आजी मला मागच्या बाजूला न्यायची. तिथे गाभाऱ्याची भिंत सरळ नाही. दोन बाजूंनी निमुळती होत ती मध्ये एका धारेला येते. गाव तिला माशाचा आकार म्हणतं. प्रवाह येतो त्या अंगालाच ही धार आहे. पुराचं पाणी भिंतीवर येऊन आदळत नाही. फाटतं आणि देवळाच्या दोन्ही कुशींनी निघून जातं. त्या धारेशी उभं राहून दगडाच्या सांध्यावरून बोट फिरवलं तर नख शिरायला जागा सापडत नाही. मात्र खालच्या थरातले दगड हाताला गुळगुळीत लागतात आणि वरचे खरखरीत. पाण्यानं कुठवर हात फिरवला आहे ते डोळे मिटूनही सांगता यावं. आजीला आकाराचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, ‘देव पाठ करून बसलाय ना नदीकडे, म्हणून पाठ राखायला मासा.’ एवढं बोलून ती फुलं नदीत सोडायची आणि वळायची.

त्याच्या शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजी रास्त्यांचं, १७५७चं. तटबंदी, दीपमाळा आणि आरशासारखा घोटलेला काळा नंदी. महालक्ष्मीचं देऊळही आनंदरावांचंच, १७७८चं. पुण्यातल्या रास्ता पेठेमागेही हेच घराणं. इतका पैसा कुठून आला, असं विचारलं की आजीचं उत्तर ठरलेलं : ‘लेक पेशव्यांकडे दिली होती.’ ते बरोबरही होतं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या भिकाजी नाईक रास्त्यांच्या कन्या. माहेरचं गाव असं घडत गेलं.

घाटांची नावं आजी एका दमात घ्यायची : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. सात घाट आणि त्यांचा मिळून एक कृष्णाबाईचा उत्सव, माघात सुरू होऊन पाळीपाळीनं एकेका घाटावर जाणारा. अफजलखान प्रतापगडाकडे निघाला तेव्हा शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णेला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, ही गावाची परंपरेनं आलेली श्रद्धा. खान मूळचा वाईचाच सुभेदार, त्यामुळे नवस बोलणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असणार. मला या उत्सवात एक दुसरीच गंमत दिसते. ज्या फरसबंदीवर आषाढात पाणी खेळतं त्याच फरसबंदीवर फाल्गुनात मांडव पडतो, कीर्तन होतं, पंगती उठतात. म्हणजे गावातली सर्वांत मोठी मोकळी जागा चार महिने नदीला आणि आठ महिने गावाला, अशी वाटणी. तिथे कुणी पक्कं काही बांधलं नाही ते जागेची किंमत कळत नव्हती म्हणून नव्हे.

आमचं घर वाडा म्हणावं इतकं मोठं नव्हतं. दीड चौकाचं. पण बांधणीचा विचार तोच. रस्त्यापासून कमरेइतकं उंच घडीव दगडाचं जोतं, त्यावर विटा, आणि माणसाच्या डोक्यावरून पुढे पांढऱ्या मातीची भिंत. लाकडी खांब थेट जमिनीत रोवलेला एकही नाही. प्रत्येकाच्या बुडाशी दगडी तळखडा. लहानपणी आम्ही त्या तळखड्यांवर बसून चिंचोके खेळायचो. धान्याचं बळद खाली न ठेवता भिंतीच्या पोटात, वरच्या अंगाला. ओसरीवरून माळ्यावर जाणारा जिना अरुंद, भिंतीत लपवलेला; पण त्याचं तोंड मागच्या पडवीत न काढता ओसरीतच काढलेलं, कारण पाणी परसातून आधी शिरतं. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. सासूनं एवढंच सांगितलं होतं : त्या उडालेल्या कोपऱ्याला पाणी लागलं की पीठमीठ वर न्यायला घ्यायचं, पुढचं पाणी बघत बसायचं नाही.

एकदा ओसरीची भिंत फुगली म्हणून एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं होतं. त्याच्या वडिलांनी चुन्याच्या घाणीवर काम केलेलं. त्यानं भिंतीचा एक खपला काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, ‘चुरून बघा, बाई.’ बोटानं चुरला जाईना. मग त्यानं घाणीचं सांगितलं. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला जुंपलेला रेडा, आणि चुना-वाळू दिवसभर मळत राहायची. वरून गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर. चुना मुरला की नाही हे गवंडी बोटावर घेऊन ठरवायचा. ‘दगडाला ओल चालते, चुन्याला चालते. मातीला नाही चालत. म्हणून माती वर,’ एवढ्यात त्यानं वाड्याचं सगळं शास्त्र सांगून टाकलं. फुगलेल्या भिंतीचं कारणही त्यानंच दाखवलं. मधल्या काळात बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला होता. चुन्याची भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडून देते. सिमेंटनं तिचं तोंडच बांधलं होतं.

मेणवलीला आम्ही चालत जायचो, वाईपासून फार लांब नाही. १७६८ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी हे गाव नाना फडणवीसांना दिलं आणि नानांनी नदीकाठी सहा चौकांचा वाडा, घाट आणि देवळं उभी केली. मेणवलीचं दप्तर इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. बाकीच्यांना वाडा ठाऊक आहे तो ‘स्वदेस’ सिनेमामुळे. घाट अर्धचंद्राकृती आहे. नदीच्या वळणाला त्यानं वळण दिलंय. देवळाजवळ टांगलेल्या भल्या थोरल्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि १७०७ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या त्यांतली ही एक. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची दुसरी आहे. खाडीवरच्या पोर्तुगीज चर्चसाठी ओतलेलं धातूकाम नदीकाठच्या शंकराची वेळ सांगत राहिलं. आजी ही घंटा ‘फिरंग्याची’ म्हणायची. तिच्यावरची बाई कोण, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘कुणाची तरी आई आहे, नमस्कार कर.’

माहुलीबद्दल थोडक्यात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५च्या सुमारास बांधलं. सातारच्या राजघराण्यातल्या समाध्या इथेच. रामशास्त्री प्रभुणे या गावचे. दोन्ही काठ देवळांनी भरलेले, आणि पायऱ्यांच्या उतारावरून इथलं पाणी किती चढत असेल ते कळतं. वाईपेक्षा इथे घाट अधिक उंच उचललेले वाटतात. संगमावर बांधणाऱ्याला दोन नद्यांचा हिशेब ठेवावा लागतो.

सांगलीची गोष्ट वेगळी, कारण सांगली हे ठरवून वसवलेलं गाव. मिरजेत काका-पुतण्यांचं बिनसलं. पुतण्या चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन घरचा गणपती घेऊन १८०१ साली सांगलीला आला. तेव्हा सांगली म्हणजे नदीकाठचं साधं खेडं. आमचे अप्पा हे सांगताना दर वेळी म्हणायचे, ‘वाटणीत जमीन काकाला, देव पुतण्याला. म्हणून सांगली मोठी झाली.’ इतिहासकार इतकं सोपं करणार नाहीत. चिंतामणरावांनी गणेशदुर्ग बांधला आणि मग गणपतीचं देऊळ काढलं. ते पुरं व्हायला तीसेक वर्षं लागली; १८४३च्या आसपास काम संपलं. त्याच १८४३ साली त्यांच्याच आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं. सांगलीकर नाटकाचं वर्ष तोंडपाठ सांगतात, देवळाचं नाही.

तीस वर्षं का लागली? अप्पा सांगत की देवळाची जागा नदीकाठची, पोकळ. पहिली काही वर्षं पाया भरण्यातच गेली, आणि दगड ज्योतिबाच्या डोंगरातून गाड्या भरून आणला. गाड्या किती, हा आकडा दर सांगण्यात वाढायचा, तो मी सोडून देते. पण गणपती पेठेतून देवळाकडे चालत गेलं की जमीन चढत जाते हे पायाला कळतं. देवाला उंचावर बसवलंय. सजावटीवर जेवढं खर्चलं असेल त्याहून जास्त जमिनीत गाडलंय, असं मला वाटतं. जे दिसत नाही तेच इथलं खरं वास्तुकाम.

आयर्विन पूल १९२९चा. दगडी कमानींचा, व्हाइसरॉयच्या नावाचा. अप्पा तेव्हा नऊ वर्षांचे. पुलाच्या आधी सांगलीवाडीला जायचं तर नावेनं, आणि पुरात नावही नाही. पलीकडच्या सोयऱ्याचं बरंवाईट झालेलं पाणी उतरल्यावर कळायचं. पूल झाला तसं गावाला दोन गोष्टी मिळाल्या : रस्ता आणि मोजपट्टी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पावसाळ्यात अख्खी सांगली आजही याच आकड्यांत बोलते. पाणी चाळिशीकडे निघालं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर सामान बांधायला लागतात. पुढे मारुती चौक, हरभट रस्ता अशी पाळी येते. नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी म्हणतात, तसाच हा सांगलीचा मारुती, फक्त दगडी कमानींचा.

२००५ साली पाणी सुमारे ५४ फुटांवर गेलं. अप्पा तेव्हा पंच्याऐंशीचे. ‘सोळाचा यापेक्षा मोठा होता,’ असं ते खुर्चीत बसून ठामपणे म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, ‘का चौदाचा?’ २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर पोचलं, तेव्हा तुलना करायला ते नव्हते. दोन वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पुन्हा ५४ फुटांच्या वर. पुरानंतर दर वेळी भांडण होतं ते अलमट्टीच्या धरणावरून, कोयनेतून पाणी कधी सोडलं त्यावरून. त्या भांडणात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. ते तज्ज्ञांनी निपटावं. पण शामरावनगरसारख्या सखल भागात घरं कुणी आणि कशी होऊ दिली, हा प्रश्न धरणाला विचारून भागणार नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी रेषा असते, लाल रेषा असते. निळीच्या आत बांधायचं नाही, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर, असा नियम. आमच्या खापरपणज्यांकडे नकाशा नव्हता, तरी निळी रेषा त्यांना माहीत होती.

वाईत नुकसान वेगळ्या तऱ्हेनं झालं. घाट सुधारायचे म्हणून काही ठिकाणी जुन्या पायऱ्यांवर काँक्रीट ओतलं गेलं, चकचकीत फरशा आल्या. काम कुणी केलं, कुणाच्या पैशातून, याच्यात मला जायचं नाही. आजीची ती उडालेल्या कोपऱ्याची पायरी त्या थराखाली गेली. काँक्रीटला मी सौंदर्यासाठी नावं ठेवत नाही. म्हाताऱ्या माणसांना त्यावरून उतरणं सोपं जातं, हे मी पाहिलंय. तक्रार इतकीच की चार पिढ्यांची मोजपट्टी पुसताना तिच्यावरचे आकडे कुणी उतरवून घेतले नाहीत. धोमचं धरण झाल्यापासून वाईचा पूर भोंग्यावरून सांगून येतो. इतके क्युसेक सोडले, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं. क्युसेक ऐकून पीठमीठ कधी वर न्यायचं ते कुणाला कळत नाही. ‘दोन पायऱ्या वर’ कळतं.

म्हणून एक विनंती आहे. कृष्णाकाठी, वारणाकाठी, पंचगंगेकाठी ज्यांचं घर असेल, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून ओसरीपर्यंत, आळीच्या तोंडापर्यंत न्यावं आणि पाणी कुठवर आलं होतं ते बोट ठेवून दाखवायला सांगावं. सालावरून हुज्जत घालू नये. बोट जिथे टेकेल तिथे तेलरंगानं रेघ ओढावी. साल नक्की असेल तर लिहावं, नसेल तर ‘तात्यांच्या लग्नाच्या साली’ असं लिहिलं तरी चालेल. २००५, २०१९ आणि २०२१ च्या रेघा आपल्या आपणच ओढायच्या आहेत, त्या अजून आपल्याला आठवतात. पुढच्या वेळी घराला रंग लावताना रंगाऱ्याला त्या रेघा तेवढ्या सोडायला सांगाव्यात.